रोज चाळीस मिनिटं हॅनन, तरी अवघड जागा तशाच

प्रश्न थोडक्यात असा आहे: दीड वर्ष पियानो शिकतोय, रोज एक तास मिळतो. त्यातली ४० मिनिटं हॅननच्या बोटांच्या व्यायामांच्या पुस्तकातल्या पहिल्या २० व्यायामांत जातात. सहा महिन्यांत मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांवरून १०० पर्यंत नेला. पण एखादी रचना वाजवायला घेतली की जलद जागा पूर्वीसारख्याच अडखळतात, अनामिका आणि करंगळी लटपटतात, आणि तास संपेपर्यंत कोपराखालचा हात दगडासारखा होतो. व्यायाम वाढवू, चेर्नीचे अभ्यास सुरू करू, की हे सगळं सोडून नुसत्या रचना वाजवू?

तिन्ही नको. व्यायाम ठेवा, पण वेळ पाव करा, म्हणजे १० ते १२ मिनिटं. आणि कुठलाही व्यायाम उघडण्याआधी तो कुठल्या जागेसाठी करताय ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. "बोटं मजबूत व्हावीत म्हणून" हे वाक्य चालणार नाही. "उतरत्या स्केलमध्ये (क्रमानं येणाऱ्या सुरांच्या ओळीत) अंगठ्यावरून तिसरं बोट पलीकडे जाताना सूर उशिरा पडतो म्हणून" हे चालेल. बोटं अंगठ्यापासून मोजायची: अंगठा १, करंगळी ५. सहा महिन्यांत तुम्ही काहीच शिकला नाहीत असं नाही, तुम्ही हॅनन वाजवायला शिकलात. हात जी हालचाल करतो तीच शिकतो, शेजारची हालचाल त्याला आपोआप येत नाही.

आधी मजबुतीचं बघू, कारण घोडं तिथेच पेंड खातंय. चांगल्या स्थितीतल्या पियानोची पट्टी खाली जायला साधारण ५० ग्रॅम वजन पुरतं आणि ती खाली जाते जेमतेम १० मिलिमीटर. एवढं बळ लहान मुलाच्या करंगळीतही असतं. मोठा आवाज हवा असेल तर पट्टी जास्त वेगानं खाली जावी लागते आणि तो वेग बोटामागच्या हाताकडून, खांद्यापर्यंतच्या वजनाकडून येतो. त्यामुळे लटपटणाऱ्या बोटात ताकद नसते हे निदान जवळजवळ नेहमीच चुकतं. बोट वेळेवर उतरत नाही किंवा वेळेवर सुटत नाही, यांपैकी एक काहीतरी चाललेलं असतं. न सुटण्याचा दोष जास्त दिसतो, पण लक्ष सगळं उतरण्याकडे असल्यामुळे तो वर्षानुवर्षं तसाच राहतो.

पट्टी दाबल्यावर आत काय होतं ते माहीत असेल तर हे सुटणं चटकन कळतं. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला असलेली यंत्रणा हातोडा तारेकडे ढकलते, पण हातोडा तारेला लागायच्या किंचित आधी ती त्याचा हात सोडून देते. उरलेलं थोडं अंतर हातोडा स्वतःच्या वेगानं कापतो, तार वाजवतो आणि मागे येतो. तो सुटला नसता तर तारेलाच चिकटून बसला असता आणि सूर गुदमरला असता. म्हणजे सूर निघाला की तुमचं काम संपलं. त्यानंतर पट्टीच्या तळाशी बोट कितीही रोवलंत तरी आवाजात काडीचा फरक पडत नाही. सूर लांबवायचा असेल तर पट्टी खाली राहिली की पुरे, आणि त्यासाठी बोटाचं स्वतःचं वजन जवळजवळ पुरतं.

आता हे करून बघा. उजव्या मधल्या बोटानं एक सूर वाजवा आणि पट्टी खाली धरून ठेवा. डाव्या हातानं उजव्या कोपराखालचा मांसल भाग चाचपा. टणक लागला तर बोट हळूहळू ढिलं सोडत जा, पट्टी वर यायला लागेल त्याच्या जरा अलीकडे थांबा. पहिल्यांदा बहुतेकांना आश्चर्य वाटतं, कारण सोडण्यासारखं खूप काही निघतं. बोटं वाकवणारे मोठे स्नायू तळहातात नसतात, ते कोपराखालच्या हातात असतात आणि लांब कंडरांनी मनगटातून बोटांपर्यंत पोचतात. प्रत्येक सुरानंतर अर्धा क्षण जास्त दाबलं की ते स्नायू मोकळेच होत नाहीत. १०० च्या लयीत ठोक्याला चार सूर म्हणजे एका हाताचे मिनिटाला ४०० सूर. ४० मिनिटांत, मधल्या विश्रांती वगळल्या तरी दहा हजारांवर. तेवढ्या वेळा थोडंथोडं जास्त दाबलंत तर हात दगड होणारच. तुमचा व्यायाम तुम्हाला आखडून वाजवायची सवय लावतोय, आणि ती सवय रचनेत सोबत येते.

अनामिकेची गोष्ट वेगळी. टेबलावर हात पालथा ठेवा, मधलं बोट आत दुमडून तळहाताखाली घ्या आणि बाकीची बोटं टेकवलेलीच ठेवून एकेक उचलून पाहा. अंगठा उचलता येतो, तर्जनी येते, करंगळीही येते. अनामिका जागची हलत नाही. बोटं सरळ करणाऱ्या कंडरा हाताच्या पाठीवर आडव्या पट्ट्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात, मधलं बोट वाकलेलं असताना त्या जोडण्या अनामिकेला खाली ओढून धरतात. तर्जनी आणि करंगळीला सरळ करणारा स्वतःचा जादा स्नायू असतो, अनामिकेला तो नसतो. जगातल्या उत्तमोत्तम वादकांचे हातही असेच असतात. म्हणून अनामिका उंच उचलायचा सराव म्हणजे भिंतीला धडका. तिला उचलायची गरजच पडू नये अशी वाजवण्याची पद्धत बसवायची. बोट पट्टीला टेकलेलंच ठेवा आणि चौथ्या-पाचव्या बोटाची पाळी आली की कोपराखालचा हात अगदी किंचित त्या बाजूला फिरू द्या, कुलपात किल्ली फिरवताना फिरतो तसा, पण बघणाऱ्याला जेमतेम दिसेल इतकाच. मग त्या बोटामागे हात असतो आणि ते एकटं पडत नाही.

हॅननच्या पुस्तकात बोटं उंच उचलून प्रत्येक सूर स्पष्ट वाजवावा अशी सूचना आहे. पुस्तक १८७३ चं आहे. त्यातल्या सूर-रचना आजही कामाच्या आहेत, ही सूचना मात्र मी शब्दशः पाळू नका असंच सांगेन. आणि कुणी बोटांना बळ देणारी स्प्रिंगची उपकरणं सुचवली तर नम्रपणे नाही म्हणा. जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमानच्या उजव्या हाताचं बोट १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला निकामी होत गेलं आणि वादक व्हायचा त्याचा बेत बारगळला. नेमकं कारण काय यावर अजून वाद आहे, पण बोटासाठी त्यानं एक यांत्रिक साधन वापरलं होतं हे नक्की.

आता पहिल्या २० व्यायामांत काय आहे आणि काय नाही ते बघा. सगळे सी मेजरमध्ये, म्हणजे नुसत्या पांढऱ्या पट्ट्या. दोन्ही हात एकाच वेळी तेच सूर, सप्तकाच्या अंतरानं. पाची बोटं आलटून पालटून, पलट्यांसारखी एकेक पायरी वर सरकत. अंगठा बोटांखालून नेणं नाही, काळ्या पट्टीवर चढणं-उतरणं नाही, हाताची उडी नाही, एक हात मोठा आणि दुसरा हळू असं काही नाही. आणि तुमची रचना अडते कुठे? बहुतेक याच ठिकाणी. अंगठ्याची तयारी, सगळ्या स्केल, आर्पेजिओ (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट एकेक सूर करून वाजवणं) हे त्याच पुस्तकात पुढे येतं, स्केल ३९ व्या व्यायामात आणि आर्पेजिओ ४१ व्यात. पण लोक पहिल्या विसातच वर्षं काढतात, कारण ते सोपे असतात आणि मेट्रोनोमचा आकडा वाढताना दिसतो. आकडा वाढला की प्रगती झाल्यासारखं वाटतं, हा त्यांचा खरा धोका.

तरी पहिला व्यायाम फेकून देऊ नका. त्याचा एकच आठ सुरांचा गट घ्या आणि भिंग लावून बघा. उजव्या हातानं सी-ई-एफ-जी-ए-जी-एफ-ई, बोटं १-२-३-४-५-४-३-२. पुढचा गट डी वरून. त्यात दोन ठिकाणं तपासायची. पहिलं, वरचं वळण: जी-ए-जी, म्हणजे ४-५-४. इथे तिन्ही सूर घाईनं पडतात, कारण करंगळी उतरली तरी अनामिका सुटलेली नसते आणि लगेच तिलाच परत वाजायचं असतं. सावकाश, ठोक्याला एक सूर, मेट्रोनोम ६० वर, फक्त हे तीन सूर वाजवा आणि करंगळीचा सूर येताक्षणी अनामिकेची पट्टी वर आली का ते डोळ्यांनी बघा. कानाला दोन सूर एकमेकांवर चढलेले ऐकू आले तर आली नाही असं समजा.

दुसरं ठिकाण गटांच्या सांध्याचं. शेवटचा ई दुसऱ्या बोटावर, त्यानंतरचा डी अंगठ्यावर. सुरुवातीला अंगठा आणि तर्जनी यांच्यात एक पट्टी मोकळी होती, आता ती शेजारी-शेजारी आली. म्हणजे इथे हात मिटायला हवा आणि लगेच पुढच्या एफसाठी पुन्हा उघडायला हवा. बरेचजण पंजा सतत फाकलेलाच ठेवतात आणि अंगठा बाजूनं धाडकन आपटतात, त्यामुळे दर आठव्या सुरानंतर एक धक्का ऐकू येतो. अंगठ्याचा सूर इतरांपेक्षा मोठा येतोय का ते फोनवर रेकॉर्ड करून ऐका, वाजवता वाजवता ते कळत नाही. उपाय साधा आहे: अंगठा नखाच्या कडेवर, पट्टीच्या जवळूनच उतरवा, आणि मिटण्याची जागा आली की पंजा खरोखर मिटू द्या.

दोन हात एकत्र लगेच नको. एकत्र वाजवताना डाव्या हाताचे दोष उजव्याच्या आवाजाखाली लपतात. डावा एकटा वाजवून बघा, बहुतेकांचा तो दोन पायऱ्या मागे असतो. तो बरोबरीला आला की मग एकत्र. हे जमलं की तोच गट डी फ्लॅट मेजरमध्ये न्या: डी फ्लॅट, एफ, जी फ्लॅट, ए फ्लॅट, बी फ्लॅट आणि परत. आता अंगठा काळ्या पट्टीवर आहे, त्यामुळे अख्खा हात झाकणाच्या दिशेनं आत सरकवावा लागेल. बोटं तीच, क्रम तोच, पण हाताला नवं काहीतरी शिकावं लागतं. सी मेजरमध्ये आकडा ८ नं वाढवण्यापेक्षा हे पाचपट उपयोगी आहे, असं माझं मत.

बसण्याबद्दल एवढंच, की बाक इतकाच उंच हवा की कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा बोटभर वर येईल, आणि बाकाच्या पुढच्या अर्ध्यावर बसा. बाक खाली असेल तर मनगट लोंबतं आणि वर सांगितलेलं काहीच नीट होत नाही.

अंगठ्याकडे वळू, कारण जलद जागांमधला सगळ्यात मोठा अडथळा तोच. सी मेजर चढताना उजवा हात १-२-३ वाजवतो आणि अंगठा ई नंतर एफवर येतो. शेवटच्या क्षणापर्यंत अंगठा सी जवळच रेंगाळतो, मग घाईनं खाली घुसतो, कोपर बाहेर उडतं, मनगट खाली जातं आणि एफवर गचका बसतो. अंगठ्यानं सी सोडला रे सोडला की त्यानं निघायला हवं. दुसरं बोट डी वाजवत असताना तो त्याच्या खाली, तिसरं ई वाजवताना एफच्या जवळ. आणि तेवढ्यात कोपराखालचा अख्खा हात उजवीकडे चालतच असायला हवा, बोटांनी हाताला ओढत न्यायचं नाही. ही गोष्ट मंद लयीत. लय खूप वाढली की अंगठा खालून नेण्याएवढा वेळच नसतो, तिथे हात चटकन बाजूला सरकतो आणि अंगठा नव्या जागी उतरतो. म्हणून मंद लयीत खालून नेण्याची हालचाल लहानच ठेवा, नाहीतर पुढे ती पायात घुटमळते.

हे शिकायला सी मेजर ही सगळ्यात वाईट स्केल आहे, गंमत म्हणजे सगळे तिच्यापासूनच सुरू करतात. कारण ती वाचायला सोपी. हाताला सोपी आहे बी मेजर. उजव्या हाताला १-२-३-१-२-३-४-५: अंगठा बी आणि ई या पांढऱ्या पट्ट्यांवर, लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर. लांब बोटं उंचावर, आखूड अंगठा खाली, त्यामुळे त्याला बोटांखालून जायला आयती जागा मिळते. डाव्या हाताला ४-३-२-१-४-३-२-१. पियानोचा थोर संगीतकार शोपँ आपल्या शिष्यांना स्केल इथूनच शिकवायचा. पाच शार्प बघून घाबरू नका, पाचही काळ्या पट्ट्या वाजवायच्या एवढंच लक्षात ठेवा.

आता मुख्य मुद्दा: व्यायाम रचनेतून काढायचा. उदाहरणार्थ, तुमच्या रचनेत उजव्या हाताला उतरती जी मेजर आहे: जी, एफ शार्प, ई, डी, सी, बी, ए, जी, बोटं ५-४-३-२-१-३-२-१. "हा बार (तालाचा एक भाग) जमत नाही" असं म्हणू नका. कुठल्या दोन सुरांमध्ये अडतं ते शोधा. मंद वाजवून, प्रत्येक सुरावर थांबून पुढच्या सुराचं बोट जागेवर तयार आहे का ते बघत जा. जिथे ते तयार नसेल तिथे खोट. या ओळीत ती सी आणि बी यांच्यामध्ये असणार, अंगठ्यावरून तिसरं बोट पलीकडे जातं तिथे. अंगठा सी वर खुंटीसारखा रोवला जातो, हात त्याच्याभोवती वळसा घालतो, तिसरं बोट उशिरा आणि जोरात पडतं.

व्यायाम असा. आधी नुसते सी-बी-सी-बी, १-३-१-३, अंगठा जितका हलका ठेवता येईल तितका. मग डी-सी-बी, आणि बी वर थांबा. थांबल्यावर बघा: दुसरं बोट ए वर आणि अंगठा जी वर आधीच टेकलाय का? नसेल तर हात अजून पलीकडे पोचलेला नाही, बोटच तेवढं गेलं. मग ई-डी-सी-बी. मग आधीचा एकेक सूर जोडत जीपर्यंत, आणि शेवटी बारच्या पुढच्या पहिल्या सुरापर्यंत, कारण सांधा नेहमी पुढेच निसटतो. प्रत्येक पायरी सलग पाच वेळा स्वच्छ आली की पुढे, सलग दोनदा चुकली की एक पायरी मागे. हे सगळं चार मिनिटांत होतं. हा व्यायाम कुठल्याही छापील पुस्तकात मिळणार नाही, पण तुमच्या बोटांसाठी यापेक्षा नेमका दुसरा नाही.

डाव्या हाताच्या तुटक साथीचंही तसंच. सी-जी-ई-जी, बोटं ५-१-३-१. चारांपैकी दोन सूर अंगठ्याचे, आणि अंगठा स्वभावतः जड, त्यामुळे साथ सुरावटीच्या वर चढते. आधी ५ आणि ३ खरे वाजवा, अंगठा पट्टीला नुसता टेकवा, आवाज न काढता. हात दोन्ही बाजूंना हलका फिरतोय ना ते बघा. मग अंगठ्याचा सूर जेमतेम ऐकू येईल इतकाच येऊ द्या. जड वाटला तर परत मुका करा.

वेगाबद्दल एक गैरसमज जाता जाता निस्तरू. रोज मेट्रोनोम ४ नं वाढवत गेलं की एक दिवस इच्छित लय येते, असं वाटतं. एका ठरावीक आकड्यापर्यंत येते, मग भिंत लागते, तुमची १०० च्या आसपास लागली असावी. कारण मंद लयीतली हालचाल मोठी असते, प्रत्येक सुराला वेगळी असते. जलद लयीत चार सूर एकाच झटक्यात, एका हालचालीत जातात. चालणं वाढवत नेलं म्हणून ते धावणं होत नाही. ध्येय ११२ च्या लयीत ठोक्याला चार सूर असेल तर ते सेकंदाला साडेसात सुरांच्या आसपास आहे. ते सगळं मंद वाजवून मिळणार नाही, तसंच पूर्ण ओळ वेगात रेटूनही नाही. चार सूर खऱ्या वेगात वाजवा आणि पाचव्यावर, म्हणजे पुढच्या ठोक्याच्या सुरावर, उतरा. तिथे हात पूर्ण सैल होईपर्यंत थांबा, तीन-चार ठोके लागले तरी चालेल. पुन्हा. मग आठ सूर अधिक एक. मधल्या वेळात ५६ वर एकदा मंद वाजवून सुरांची खात्री करून घ्या. या पद्धतीत हात वेग आणि सैलपणा एकत्र शिकतो.

लांब-आखूड लयीचा सराव, म्हणजे एक सूर लांब आणि एक तोकडा, मग उलट, हाही याच जातीचा. फायदा लांब सुरावर मिळणाऱ्या विसाव्यात आहे. लांब सुरावर दाबून बसलात तर तो विसावा गेला आणि उरली नुसती टिकटिक. फार लोक तो असाच वाजवतात.

यातलं काय तुम्हाला लागू पडेल ते काही गोष्टींवर अवलंबून आहे. तुमचं वाद्य वजनदार पट्ट्यांचं नसेल, साधा कीबोर्ड असेल, तर बोटांचा क्रम आणि अंगठ्याचं सरकणं त्यावर शिकता येईल, पण पट्टीचं वजन, आवाजाचा तोल यांतलं फारसं काही शिकता येणार नाही, आणि पियानोवर गेल्यावर हात दाबायला लागेल. पंजा लहान असेल, सप्तक ताणूनच पोचत असेल, तर सप्तकांचे व्यायाम तूर्त बाजूला ठेवा. समोर शिक्षक असतील तर त्यांना फक्त कोपर आणि मनगट बघायला सांगा, ते स्वतःला दिसत नाहीत. आणि दहा-बारा वर्षं वाजवणाऱ्याचा हिशेब वेगळा: त्याला या व्यायामांतून नवं काही शिकायचं नसतं, हात जागा करायला पाच मिनिटं घेतो, इतकंच. त्याचं बघून नवख्यानं तेच करायला जाऊ नये.

चेर्नीचं म्हणाल तर तो हॅननपेक्षा एक पाऊल संगीताच्या जवळ आहे. त्याच्या अभ्यासांत सुरावट असते, साथ असते, दोन हातांची कामं वेगळी असतात, वाक्य कुठे संपतं ते ऐकावं लागतं. दीड वर्षाच्या शिकणाऱ्याला त्याच्या ऑपस (रचना-क्रमांक) ५९९ च्या मध्यावरचं काहीतरी निवडता येईल. ऑपस २९९ हे वेगाचे ४० अभ्यास आहेत, ते इतक्यात नको. आणि पहिल्यापासून क्रमानं शेवटपर्यंत असं मुळीच नको. तुमची अडचण अंगठ्याची असेल तर स्केल असलेला एक अभ्यास, साथीची असेल तर डाव्या हाताच्या तुटक साथीचा एक. एकावेळी एकच. ब्राम्सचे ५१ व्यायाम १८९३ मध्ये छापले गेले, तेही सुंदर आहेत, पण हात बराच तयार झाल्यावर.

तर तुमच्या तासाची वाटणी पुढचे चार आठवडे अशी करून बघा. पहिली ५ मिनिटं एक स्केल, आठवडाभर एकच, बी मेजरपासून, एकेका हातानं. नंतर ६-७ मिनिटं रचनेतून काढलेला एक व्यायाम, वर सांगितला तसा. उरलेली ४५ मिनिटं रचना, त्यातही मधली १५ फक्त अडणाऱ्या दोन-तीन जागांवर. हॅनन पूर्ण बंद केलात तरी चालेल, ठेवायचाच असेल तर आठवड्याला एक गट, दर वेळी नव्या स्केलमध्ये. दर १५ मिनिटांनी हात मांडीवर ठेवून एक मिनिट काही करू नका.

दुखण्याबद्दल स्पष्ट सांगतो. वाजवून थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत जाणारा जडपणा म्हणजे पद्धत सुधारायची खूण. तीक्ष्ण कळ, मुंग्या, बोट बधिर होणं, रात्री हात दुखून जाग येणं, यांपैकी काहीही असेल तर वाजवणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. "थोडं दुखलं की बळ येतं" हे पियानोला लागू नाही, इथे बळ वाढवायचंच नसतं.

दर आठवड्याला एकाच दिवशी तीच जागा रेकॉर्ड करा, रचनेतल्या तिच्या आधीच्या दोन बारांसकट आणि मेट्रोनोमशिवाय. व्यायाम म्हणून ती जागा स्वच्छ येते, पण आधीच्या बारांतून येताना तुटते, असं झालं तर अडचण बोटांची उरलेली नाही, हात तिथे कुठल्या स्थितीत येऊन पोचतो त्याची आहे. मग व्यायाम त्या जागेपासून सुरू न करता दोन बार आधीपासून सुरू करा. आणि सलग दोन आठवड्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये जागा नीट आली असेल तर त्या दिवसापासून तो व्यायाम बंद, पुढची जागा घ्या.